करार वाचून देणाऱ्या वकीलबाई : एका फुटबॉल कोचचा अनुभव

पुण्यात डेक्कनला, नदीच्या बाजूला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक वकीलबाई बसतात. खेळाडूंचे आणि कोच लोकांचे करार वाचून देणं, खटकलेली कलमं बदलून मागणं आणि गरज पडली तर समोरच्या क्लबशी किंवा महासंघाशी बोलणी करणं, हे त्यांचं काम. मी त्यांच्याकडे सात आठवडे जात होतो. फी 22,000 रुपये झाली, कोल्हापूर-पुणे एसटीच्या चार खेपा वेगळ्या. पैसे वसूल झाले का म्हणाल तर पहिल्याच बैठकीत झाले.

नाव का देत नाही ते आधी सांगतो. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. मी लिहितोय म्हटल्यावर त्याच म्हणाल्या, "कामाबद्दल हवं ते लिहा, नाव-पत्ता नको." म्हणून कामाबद्दल लिहितोय. असं काम करून देणारे वकील आता मुंबईत, दिल्लीतही आहेत. तुम्ही कुणाकडेही गेलात तरी काय मागून घ्यायचं, ते यातून कळेल.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमवर तालमीच्या फुटबॉल टीमकडून बारा वर्षं खेळलो, डाव्या विंगला. गुडघा गेला आणि कोचिंगकडे वळलो. डी लायसन्सपासून सुरुवात केली, एक एक पायरी चढत ए लायसन्सपर्यंत आलो. या पायऱ्यांवर ट्रेनिंग सेशन कसं आखायचं ते शिकवतात, प्रेसिंग कधी करायचं ते शिकवतात. नोकरीचा कागद कसा वाचायचा हे मला कुणीच शिकवलं नव्हतं, आणि त्याची किंमत मी मोजली आहे.

काही वर्षांपूर्वी एका निवासी अकादमीत लागलो होतो. कुठली ते सांगत नाही, गावही सांगत नाही. फोनवर बोलणं झालं, 35,000 रुपये महिना ठरला, जूनमध्ये रुजू झालो. तीन पगार वेळेवर आले. मग "फंड अडकलाय, दिवाळीआधी क्लिअर होईल" सुरू झालं. दिवाळी गेली. फेब्रुवारीत आमची पंधरा वर्षांखालची टीम एक मॅच हरली आणि रात्री व्हॉट्सॲपवर दोन ओळी आल्या, उद्यापासून येऊ नका. पाच महिन्यांचे 1,75,000 रुपये आजही यायचे आहेत. तक्रार करायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, नेमणुकीचं पत्र कुठाय? ते नव्हतंच. मी तिथं काम केलं याचा माझ्याकडं एकच पुरावा होता, छातीवर माझी आद्याक्षरं शिवलेला अकादमीचा ट्रॅकसूट.

यंदा फेब्रुवारीत शेजारच्या एका छोट्या देशाच्या फुटबॉल महासंघाकडून मेल आला. सतरा वर्षांखालच्या मुलांच्या राष्ट्रीय टीमला असिस्टंट कोच हवा होता. दोन वर्षं, महिना 1,800 डॉलर, राहायला घर. सोबत अकरा पानी मसुदा. मी त्याच रात्री सही करून पाठवणार होतो. बायको म्हणाली, "आधी कपाटातला तो ट्रॅकसूट काढा, त्याच्याकडं नीट बघा, मग सही करा." दुसऱ्या दिवशी एका जुन्या सहकाऱ्यानं या वकीलबाईंचा नंबर दिला.

पहिली बैठक दीड तासाची. टेबलावर फाइली, एका कोपऱ्यात स्टीलचा पाण्याचा तांब्या, हातात पिवळा हायलायटर. मी पगाराचं पान वर करून ठेवलं होतं. मॅडमनी कागद उचलला आणि थेट नववं पान उघडलं. म्हणाल्या, "सर, पगार तुम्हाला पाठ असेल. ही नोकरी संपेल कशी, ते मला सांगा."

मला सांगता आलं नाही. नवव्या पानावर लिहिलं होतं, महासंघाला वाटेल तेव्हा एक महिन्याचा पगार देऊन करार संपवता येईल. कोचला सोडायचं असेल तर उरलेल्या पूर्ण मुदतीचा पगार महासंघाला भरावा लागेल. दोन्ही वाक्यं एकाखाली एक होती. मी तो मसुदा घरी तीनदा वाचला होता, पण ती दोन वाक्यं एकत्र कधी वाचलीच नव्हती. मॅडमनी दोन्हींवर हायलायटर ओढला आणि कागद माझ्याकडं फिरवला. पैसे वसूल झाले म्हणतो, ते या क्षणी.

मग त्यांनी मला आपल्याच देशातलं उदाहरण दिलं, इगोर स्टिमॅचचं. मला मॅचेस सगळ्या माहीत होत्या, कागद माहीत नव्हता. हा माणूस 2019 च्या मे महिन्यात भारताचा कोच झाला. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या फुटबॉल महासंघानं त्याला मुदतवाढ द्यायचं ठरवलं. 2024 च्या मार्चमध्ये स्टिमॅच स्वतः जाहीरपणे म्हणाला की, भारताला वर्ल्ड कप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत नेलं नाही तर मी जाईन. त्याच महिन्यात गुवाहाटीत अफगाणिस्ताननं आपल्याला 2-1 हरवलं. 6 जूनला कोलकात्यात कर्णधार सुनील छेत्रीच्या तेव्हाच्या निरोपाच्या मॅचला कुवेतशी 0-0. 11 जूनला दोह्यात कतारकडून 2-1, तो रेषेबाहेर गेलेला बॉल आत ओढून केलेला गोल कुणी विसरलं नसेल. तिसरी फेरी हुकली आणि 17 जूनला महासंघानं त्याला काढलं.

आम्ही कट्ट्यावर म्हणत होतो, आता जाईल, बोललाच होता की. पण तो बोलला होता माइकसमोर, करारात ते नव्हतं. महासंघानं तीन महिन्यांच्या पगाराची तयारी दाखवली. स्टिमॅचचं म्हणणं, माझी मुदत 2026 पर्यंत आहे, दहा दिवसांत हिशेब करा, नाही तर फिफाकडं जातो. त्यानंतर महासंघानंच पत्रक काढून सांगितलं की, आपल्या समितीनं महासंघाच्या बाजूचं, करार संपवण्याचं कलम घालायला सांगितलं होतं आणि सही झालेल्या करारात ते आलंच नाही. पगारही पहिल्या वर्षी महिना 30,000 डॉलर आणि दुसऱ्या वर्षी 40,000 असा लिहिला गेला. तेव्हाच्या सरचिटणीसांनी हे आरोप नाकारले. शेवटी सप्टेंबरात 4 लाख डॉलरवर, म्हणजे साधारण 3 कोटी 36 लाख रुपयांवर तडजोड झाल्याच्या बातम्या आल्या.

हे ऐकताना मला खरंच वाईट वाटत होतं. आपल्याकडं जिल्ह्याच्या स्पर्धेला मुलांना रिझर्व्हेशन मिळत नाही म्हणून जनरल डब्यातून नेतो आम्ही. 3 कोटी 36 लाखांत किती मुलांचे बूट आले असते, किती ग्राउंडवर लाइट लागले असते. मी स्टिमॅचला दोष देत नाही, त्यानं आपल्या कागदाप्रमाणं मागितलं. वाईट याचं वाटतं की एक पान नीट वाचलं गेलं असतं तर हे टळलं असतं.

दुसऱ्या बैठकीला मॅडमनी फिफाच्या नियमांची प्रिंट काढून ठेवली होती. खेळाडूंच्या बदल्यांच्या नियमावलीला 1 जानेवारी 2021 पासून कोच लोकांसाठी एक स्वतंत्र परिशिष्ट जोडलंय, दुसरं परिशिष्ट. माझ्या ओळखीच्या एकाही कोचनं ते वाचलेलं नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. कोचचा करार लेखी हवा. त्यात काम काय, पगार किती, मुदत किती, हक्क आणि जबाबदाऱ्या कोणत्या हे हवं, दोघांच्या सह्या हव्यात. वर्क परमिट मिळालं तरच करार लागू, अशी अट घालता येत नाही. अमुक लायसन्स असेल तरच लागू, अशीही नाही. ते तपासून घेणं नोकरी देणाऱ्याचं काम. दोन महिन्यांचे पगार थकले तर कोचनं लेखी नोटीस देऊन 15 दिवस थांबायचं, तरी आले नाहीत तर त्याला रास्त कारणानं करार सोडता येतो. विनाकारण काढलं आणि भरपाईचा आकडा करारात नसेल, तर उरलेल्या मुदतीचा पगार धरतात; मात्र मधल्या काळात दुसरी नोकरी लागली तर तिथला पगार त्यातून वजा होतो. भांडण झालं तर फिफाचं फुटबॉल ट्रिब्युनल आहे, 2021 च्या ऑक्टोबरपासून. कोच पक्षकार असेल तर तिथं दाद मागायला पैसे पडत नाहीत. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. त्यावर अपील लोझानच्या क्रीडा लवादाकडं.

माझ्या मसुद्यात वर्क परमिटची अट होती. मॅडमनी शेजारी पेन्सिलीनं फुली मारली.

मी विचारलं, "ट्रिब्युनलनं निकाल दिला आणि महासंघानं पैसे दिलेच नाहीत तर?" त्यांनी झिंबाब्वेचं सांगितलं. व्हालिन्योस नावाचे ब्राझीलचे कोच होते तिथं. त्यांचे पैसे महासंघानं थकवले, फिफानं सांगूनही दिले नाहीत. 2015 च्या मार्चमध्ये फिफानं झिंबाब्वेला 2018 च्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीतूनच बाहेर काढलं. एकही मॅच न खेळता अख्खा देश बाहेर, एका कोचच्या थकीत पगारापायी. आता नियमात आणखी एक दोरी आहे. निकालानंतर मुदतीत पैसे दिले नाहीत तर महासंघाला फिफाकडून येणारा विकासनिधी अंशतः रोखता येतो. छोट्या महासंघांचा संसार त्याच पैशावर चालतो, म्हणून ही दोरी लागू पडते असं मॅडमचं मत.

अकराव्या पानावर आणखी एक कलम होतं, सगळे वाद त्या देशाच्या कोर्टातच चालतील. माझी नजर त्यावर कधी थांबलीच नव्हती. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही भारतीय, महासंघ दुसऱ्या देशाचा. म्हणून फिफाचं दार तुम्हाला उघडं आहे. हे कलम ठेवलंत तर ते तुम्ही स्वतः बंद करताय." आणि पुढं एक सांगितलं जे मला नवीन होतं. कोच आणि महासंघ एकाच देशाचे असले तर भांडणाला आंतरराष्ट्रीय अंग नसतं, ते देशातल्याच यंत्रणेकडं जातं. म्हणजे स्टिमॅचला जी धमकी देता आली, ती खालिद जमीलसारख्या भारतीय कोचला देता येणार नाही. आपल्या माणसानं तर कागद परदेशी कोचपेक्षा जास्त बारकाईनं वाचायला हवा.

खालिद जमीलबद्दल मला आपुलकी आहे. मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला माणूस, पुढं मुंबई एफसीचा कोच, मग ऐझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली. 2025 च्या ऑगस्टमध्ये तो भारताचा कोच झाला, गोव्याच्या सावियो मदेइरांनंतर तेरा वर्षांनी पहिला भारतीय. करार दोन वर्षांचा, कामगिरी बघून एक वर्ष वाढवायची सोय. त्याच्या आधीचे मानोलो मार्केझ तर एकाच वेळी दोन नोकऱ्या करत होते, एफसी गोवा आणि देश. महासंघानं ते मान्य करूनच 2024 च्या जुलैत त्यांना घेतलं होतं. गोव्यासाठी त्यांनी 2025 च्या मेमध्ये सुपर कप जिंकला, फायनलमध्ये समोर होती जमीलचीच जमशेदपूर. भारतासाठी आठ मॅचमध्ये एकच विजय, मालदीवविरुद्ध. जुलैत दोघांच्या संमतीनं करार संपला आणि कुणी कुणाला काही देणं लागलं नाही. वर्षभरापूर्वी पोळलेल्या महासंघानं या वेळी शेवट तरी शांतपणे केला, एवढं श्रेय द्यायला हवं. दोन नोकऱ्यांची परवानगी मात्र मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. राष्ट्रीय टीमच्या कोचनं शनिवारी दुसऱ्या क्लबच्या मॅचला जाऊन मुलं हेरायची असतात. तो स्वतः कुणाच्या तरी विरुद्ध बेंचवर बसला असेल तर कसं चालेल?

प्रत्यक्ष बोलणी तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. व्हिडिओ कॉल मॅडमच्या ऑफिसातूनच, पलीकडं महासंघाचे सरचिटणीस आणि त्यांच्या हिशेबाचं बघणारे एक गृहस्थ. मॅडमनी मला आधीच बजावलं होतं, पहिली दहा मिनिटं फक्त फुटबॉलवर बोला, मुलांबद्दल विचारा, ग्राउंड कसं आहे विचारा. मी विचारलं. कळलं की टीमकडं वर्षातून चार कॅम्प आहेत आणि फिजिओ नाही. ते माझ्या वहीत गेलं. मग मॅडम बोलल्या. आवाज एकदाही चढवला नाही. प्रत्येक बदल मागताना आधी नियम सांगायच्या, मग यात महासंघाचाही फायदा कसा आहे ते.

पहिला प्रश्न मला वाटला तसा पैशाचा नव्हताच. मसुद्यावर सही महासंघाची होती आणि पगार "क्रीडा मंत्रालयाकडून" असं लिहिलं होतं. मॅडमनी विचारलं, "मालक कोण?" पलीकडं जरा शांतता पसरली. कॉल संपल्यावर त्यांनी मला कॅमेरूनचं सांगितलं. 2024 च्या एप्रिलमध्ये तिथल्या क्रीडा मंत्रालयानं बेल्जियमच्या मार्क ब्रिसला राष्ट्रीय कोच नेमलं, आणि सॅम्युएल एटोच्या अध्यक्षतेखालच्या महासंघाला ते मान्य नव्हतं. मेच्या अखेरीस महासंघाच्या ऑफिसात एटो आणि ब्रिस यांची सगळ्यांसमोर खडाजंगी झाली, व्हिडिओ जगभर फिरला. नेमणार एक, पगार देणार दुसरा, आणि हुकूम कुणाचा मानायचा ते कोचलाच ठाऊक नाही. माझ्या करारात आता स्वच्छ लिहिलंय की मंत्रालयाचे पैसे आले काय न आले काय, देणं महासंघाचं.

लक्ष्याच्या कलमावर मी मॅडमशी वाद घातला. मसुद्यात होतं, विभागीय स्पर्धेत सेमीफायनल गाठली नाही तर करार आपोआप संपेल. मला ते कलम पूर्ण काढून हवं होतं. सतरा वर्षांची पोरं आहेत, त्यांच्या एका मॅचवर माझ्या घराचं भाडं कसं ठरणार? मॅडमचं म्हणणं वेगळं. लक्ष्य मागणं हा महासंघाचा हक्क आहे, पण मोजता येईल असं लिहा. कुठली स्पर्धा, कितवी फेरी, स्पर्धा झालीच नाही तर काय, हेड कोच बदलला तर असिस्टंटचं काय. त्यांचं पटलं. शेवटी ठरलं की सेमीफायनल हुकली तर तांत्रिक समितीसमोर आढावा होईल, आणि तरीही काढायचं ठरलं तर भरपाईचं कलम लागू राहील, कारणही लेखी द्यावं लागेल. हा लेखी कारणाचा हट्ट मॅडमचा. जपाननं 2018 च्या वर्ल्ड कपच्या दोन महिने आधी वाहिद हलिलहोझिचना काढलं होतं. त्यांनी जपानच्या महासंघावर टोकियोत दावा लावला, मागितला फक्त 1 येन आणि माफी. आपल्याला का काढलं, हा त्या माणसाचा प्रश्न होता. व्हॉट्सॲपवरच्या दोन ओळींनी घरी पाठवलेल्या मला तो 1 येन लगेच कळला.

भरपाईवर सर्वांत जास्त वेळ गेला. ते एक महिन्यावर अडून होते. आम्ही सहा मागितले. दुसऱ्या कॉलला त्यांनी वेगळीच गोष्ट पुढं केली. मुदत दोनाची तीन वर्षं करतो, भरपाईचं कलम सोडा. मला मोह झाला. तीन वर्षं म्हणजे मुलीची दहावी पार. मॅडमनी कॉल म्यूट केला आणि म्हणाल्या, "बाहेर पडायची किंमत लिहिलेली नसेल तर मुदतीचा आकडा किती विश्वासाचा?" आणि लांब मुदत महासंघांनाही महाग पडते, हे त्यांनी मग सरचिटणीसांना सांगितलं. इंग्लंडच्या फुटबॉल महासंघानं, म्हणजे एफएनं, 2010 च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर कोच फॅबियो कॅपेलोच्या करारातून स्पर्धेनंतर वेगळं होण्याचं कलम काढून टाकलं. महिन्याभरात जर्मनीनं इंग्लंडला 4-1 हरवलं आणि वर्षाला 60 लाख पौंडांचा करार तसाच गळ्यात राहिला. तोच एफए 2024 मध्ये थॉमस टुखेलशी करार करताना सुरुवातीला फक्त 18 महिन्यांचा करतो, 1 जानेवारी 2025 पासून वर्ल्ड कपपर्यंत. हे ऐकून सरचिटणीसांनी तीन वर्षांचं बोलणं सोडलं. भरपाई तीन महिन्यांवर ठरली, आणि मी नोकरी सोडली तर मलाही तीनच महिन्यांचे भरावे लागतील. दोन्ही बाजूंना एकच माप.

मॅडमनी मला एक गोष्ट फार आधी सांगून ठेवली होती, ती चांगली झाली. दावा केला म्हणजे तेवढं मिळतं असं नाही. नायजेरियानं 2021 च्या डिसेंबरमध्ये आपले कोच गेर्नोट रोर यांना काढलं. त्यांनी मागितले 10 लाखांहून जास्त डॉलर, फिफानं देवविले सुमारे 3 लाख 78 हजार. आकडा करारात आधीच ठरलेला असला की वर्षभराची ओढाताण वाचते. तीन महिने मला कमी वाटत होते, पण ते लिहिलेले आहेत.

दुसरीकडं बोलणी करण्याचं कलमही बदललं. मसुद्यात कोचला मुदतभर कुणाशीही बोलायला बंदी होती. आता शेवटच्या सहा महिन्यांत बोलता येईल, फक्त महासंघाला आधी कळवायचं. इथं मी मनापासून महासंघाच्या बाजूनं आहे. 2018 साली स्पेननं मेमध्ये आपला कोच लोपेतेगीचा करार 2020 पर्यंत वाढवला, 12 जूनला रेआल माद्रिदनं तोच आपला पुढचा कोच असल्याचं जाहीर केलं, महासंघाच्या अध्यक्षांना ते जाहीर होण्याच्या पाच मिनिटं आधी कळलं. 13 जूनला त्यांनी लोपेतेगीला घरी पाठवलं, 15 जूनला पोर्तुगालशी वर्ल्ड कपची पहिली मॅच. त्या टीममधल्या खेळाडूंनी काय केलं होतं? मला माझ्या पोरांना असं अधांतरी सोडायचं नाही.

काही गोष्टी मिळाल्या नाहीत. बायको-मुलीची विमानाची तिकिटं नाकारली, वर्षाला माझं एकच तिकीट. बोनसचं कलम त्यांनी उघडूही दिलं नाही. आरोग्य विमा फक्त माझा. मॅडमनी दोनदा मागून सोडून दिलं, तिसऱ्यांदा मागितलं नाही. तेव्हा मला ते लवकर सोडल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, तिथं ताणलं असतं तर तीन महिने हातचे गेले असते.

आता या सेवेत काय कमी वाटलं ते. एक, कराचं त्या बघत नाहीत. 1,800 डॉलर कर कापून की कर धरून, हा प्रश्न त्यांनी काढला आणि करारात "कर वजा जाता" हे शब्द घातलेही, पण भारतात त्यावर काय भरायचं यासाठी मला वेगळा सीए बघावा लागला, त्याचे 3,000 रुपये. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. दोन, वेळ. मेलला उत्तर यायला तीन-चार दिवस, संध्याकाळी सातनंतर फोन नाही. सात आठवडे लागले त्यातले दोन तरी या वाट पाहण्यात गेले, आणि तेवढ्यात महासंघ दुसरा कोच बघेल या भीतीनं मला झोप नव्हती. तीन, बदललेल्या मसुद्याचा गोषवारा मराठीत लिहून मिळाला असता तर फार बरं झालं असतं. तोंडी त्या सुंदर समजावतात, अगदी शाळेतल्या बाईंसारखं, पण घरी येऊन बायकोला सांगताना माझी अडखळ व्हायची. मी हे त्यांना सांगितलं. पुढच्या माणसाला एक पानाचा मराठी गोषवारा देईन, म्हणाल्या.

फीबद्दल कुणी विचारेल म्हणून : नुसता करार वाचून लेखी मत द्यायचे 8,000, बोलणी धरून 22,000, दोन हप्त्यांत. पहिल्या नोकरीतला तरुण कोच असेल तर फक्त वाचनाचे 8,000 द्यावेत, असं मी म्हणेन. क्लबचा छापील करार असेल आणि ते एकही शब्द बदलणार नसतील, तर बोलणीचे पैसे वाया जातील. महासंघाची नोकरी, परदेशातली नोकरी, किंवा पगार एकाकडून आणि सही दुसऱ्याची असा प्रकार असेल तर पूर्ण सेवा घ्या, मागंपुढं बघू नका.

शेवटी सही झाली. अकराचा मसुदा चौदा पानांचा झाला. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, एक प्रत माझ्याकडं, एक त्यांच्याकडं, एक स्कॅन मॅडमकडं. बायकोनं आमची प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवली, त्या ट्रॅकसूटवरच. परवा तालमीतला एक पोरगा घरी आला होता, अकादमीत गोलकीपिंग कोच म्हणून त्याला विचारलंय, फोनवर ठरलंय म्हणाला. त्याला मी चहा दिला आणि तेच फोल्डर काढून पुढ्यात ठेवलं, नववं पान उघडून.